पळतोय तो, धाप आपल्याला

व्यसनमुक्ती केंद्रातून मूल घरी आलं की पहिले काही दिवस घरात सगळेच हळू आवाजात बोलतात. फ्रीजमध्ये त्याच्या आवडीचं काय काय भरून ठेवलेलं असतं. आत्या-मावश्यांचे फोन येतात आणि तो टायफॉइडमधून उठला असावा तशा त्या विचारतात, "आता बरं वाटतंय ना त्याला?" मग एका संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागतो. चपला घालतो, पुन्हा काढतो. आपल्या पोटात खड्डा पडतो.

बाहेर सोडावं तर जुना कट्टा वाटेवरच. घरात कोंडावं तर किती दिवस?

या सहाच्या वेळेबद्दलच मला तुमच्याशी बोलायचंय. आमचा धाकटा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून गांजात अडकला, पुढे दारूतही. आज तो त्यातून बाहेर आहे. उद्याचं बोलायची सवय आम्ही सोडून दिलीय. तो पळतो. आधी संध्याकाळी पळायचा, आता पहाटेही टेकडीवर जातो. सोसायटीत हे सगळ्यांना दिसतं. त्यामुळे कुणी ना कुणी पालक मला जिन्यात गाठतात, आजूबाजूला कुणी नाही ना ते बघतात आणि विचारतात, "अहो, पळण्यानं खरंच सुटतं का?"

सुटत नाही हो. उपचारांनी सुटतं, समुपदेशनानं सुटतं, त्याच्या स्वतःच्या रोजच्या झगड्यानं सुटतं. सुटलेलं टिकवायला मात्र पळण्याची फार मदत होते. एवढंच माझं म्हणणं आहे. मी डॉक्टर नाही. जे सांगतेय ते घरात बघितलेलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलेलं आणि झोप येत नव्हती त्या रात्री वाचलेलं.

पण बूट आणायला निघण्याआधी एक ऐका, कारण इथे जिवाशी गाठ आहे. प्रत्येक घराण्यात एक काका असतात. ते म्हणतात, "दवाखाना कसला? पहाटे उठवा, मैदानावर पळवा, घामावाटे सगळी नशा निघून जाईल." नशा घामावाटे जात नाही. ते काम मुख्यतः यकृताचं, आणि त्याला वेळ लागतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम थांबवली तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, माणूस दगावूही शकतो. ते दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढायचे असतात. मैदान नंतर. एमडी किंवा कोकेन घेणाऱ्या मुलाच्या हृदयावर ताण पडलेला असू शकतो, तेव्हा ईसीजी काढून, डॉक्टर हो म्हणाले तरच पळणं.

आणि शाळकरी मुलांच्या आई-बाबांनो, व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्यूशन असलं काही हुंगताना मूल सापडलं तर त्याच्यामागे धावू नका, अंगावर ओरडूही नका. हुंगल्यावर लगेच जोरात पळालं किंवा एकदम दचकलं तर हृदयाचे ठोके बिघडून मूल जागच्या जागी जाऊ शकतं. शांतपणे जवळ जा, मोकळ्या हवेत आणा, बसवा. रागावणं नंतर होईल. एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेली नशा एकच होती, ती ही हुंगण्याची: मुलांमध्ये १.१७ टक्के, मोठ्यांमध्ये ०.५८. आपण दारू-गांजाच्या धास्तीत असतो आणि दप्तरातल्या व्हाइटनरकडे लक्षच जात नाही.

तर सहाची वेळ.

आपल्याला वाटतं, तलफ आली की ती वाढत वाढत जाणार आणि शेवटी पोरगं हरणार. समुपदेशक सांगतात की ती चढते तशी उतरते. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. तेवढं निभावलं की ओसरते. पुन्हा येते, पुन्हा ओसरते. त्या अर्ध्या तासात हातापायांना काहीतरी उद्योग हवा असतो. सोफ्यावर बसून आपलं "मन घट्ट कर रे बाळा" ऐकणं हा काही उद्योग नव्हे. सिगारेट सोडणाऱ्यांवर झालेल्या बऱ्याच छोट्या अभ्यासांत दिसलंय की दहा-पंधरा मिनिटं भरभर चाललं तरी तलफ त्या वेळेपुरती आणि पुढे थोडा वेळ कमी होते.

त्या वेळेपुरतीच हं. कारण याच विषयावरचे अभ्यास एकत्र करून कोक्रेन या संस्थेनं २०१९ मध्ये आढावा घेतला, तेव्हा सिगारेट सोडण्याच्या उपचाराला व्यायाम जोडला म्हणून महिनोन्महिने ती सुटलेली राहते, असा पुरावा काही त्यांना मिळाला नाही. हे वाचून मी आधी खट्टू झाले. मग हायसं वाटलं. त्याच्या एका दिवसाच्या पळण्याकडून एका संध्याकाळपेक्षा जास्त मागायचं मी तेव्हापासून बंद केलं.

डॉक्टरांनी मेंदूचंही समजावलं होतं. नशेनं मेंदूत डोपामिनचा पूर येतो. असा पूर वारंवार येत राहिला की डोपामिन टिपणारे रिसेप्टर कमी होतात, आणि मग साध्या गोष्टींतली मजाच कळेनाशी होते. म्हणून तर आपण मारे पुरणपोळी करून वाढतो आणि तो मान खाली घालून मुकाट खातो. क्रिकेटची मॅच लावा, त्याचा लाडका मामा येऊ दे, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. आपण दुखावतो. "इतकं केलं, पण तोंडातून एक शब्द नाही!" तो मुद्दाम करत नसतो. मजा जिथे उमटायची ती पाटीच अजून ओली असते.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेथॲम्फेटामाइनच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्यांना ८ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस, तासभर देखरेखीखाली व्यायाम करायला लावला. त्यांच्या मेंदूत हे रिसेप्टर वाढलेले दिसले. ज्यांना नुसती आरोग्याची माहिती दिली, त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. माणसं जेमतेम १९ होती, त्यामुळे लगेच गुढ्या उभारू नका. पण ८ आठवडे हा आकडा मी मनाशी धरून ठेवला होता. पहिल्या दहा दिवसांत मुलगा हसला नाही म्हणून हवालदिल व्हायचं कारण नाही, एवढा अर्थ माझ्यापुरता पुरला.

आणि झोप. गांजा सोडल्यावर कित्येकांना काही आठवडे धड झोप लागत नाही. लागली तर चित्रविचित्र स्वप्नं पडतात, दिवसभर चिडचिड होते. आमच्याकडे रात्री दोन-तीनला स्वयंपाकघरातला दिवा लागायचा, डब्यांची झाकणं वाजायची. गूळ-शेंगदाणे, साखर, चिक्की, हाताला लागेल ते गोड संपायचं. पळायला लागल्यावर काही दिवसांनी एकदा तो जेवता जेवता ताटावरच पेंगायला लागला. भाकरीचा तुकडा बोटांत तसाच. मी काही बोलणार तेवढ्यात ह्यांनी मला खुणेनं गप्प केलं. असे अर्धवट मिटलेले डोळे बघून आधी आमच्या छातीत धस्स व्हायचं. त्या दिवशी ते नुसतेच दमलेले डोळे होते.

इथपर्यंत सगळं छानच. पुढे आपण पालक मध्ये येतो.

पहिली गोष्ट म्हणजे खरेदी. मुलगा "जरा पळून येतो" म्हणाला की आपल्याला इतकं भरून येतं, की त्याच आठवड्यात भारीतले बूट, घड्याळ, चमकणारा टीशर्ट, सगळं घरात. मग तो दोन दिवस गेला नाही की आपली नजर बुटांच्या रॅककडे. तोंडानं काही बोलत नाही, पण बुटांची किंमत चेहऱ्यावर लिहिलेली असते. मुलं ती बरोबर वाचतात. पायाला नीट बसणारे साधे बूट सुरुवातीला पुरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मार्क. आमच्याकडे ह्यांचं असं चालायचं: "किती झाले आज?" "पाच." "काल सहा होते ना?" झालं! दहावीच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्याचा तोच आवाज. बाबा लोकांना बोलायला दुसरा विषय सापडत नाही, हे मला कळतं. मुलाशी नुसतं बसून राहणं त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. पण जो मुलगा आधीच आपण सगळ्यांत नापास झालोय या ओझ्याखाली आहे, त्याला आणखी एक परीक्षा कशाला?

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. मुलाच्या मोबाइलवर पळण्याचं ॲप असतं. कुठून कुठे गेला, किती वेगानं, सगळ्याचा नकाशा उमटतो. आपण लाडीगोडीनं म्हणतो, "मलाही दाखव की रे, बघायला छान वाटतं." खरं तर नकाशावरची ती रेघ कोपऱ्यावरच्या टपरीपाशी थांबली का, हे आपल्याला बघायचं असतं. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी आपण शर्ट नाकाशी धरतो. पूर्वी धुराचा वास शोधायचो, आता घामाचा वास शोधतो, खरंच पळाला ना याची खात्री करायला. हे वाचताना तुमच्यातल्या कितीजणी ओशाळं हसल्या असतील, मला ठाऊक आहे. आपण काय वाईट हेतूनं करतो का? एकदा विश्वासानं डोळे मिटले होते आणि त्याची किंमत मोजलीय, म्हणून करतो.

यावर आमच्या समुपदेशक बाईंनी मार्ग सुचवला, तो तुम्हालाही सांगते. लक्ष ठेवायचं ते उघड ठेवायचं आणि त्याच्याशी बोलून ठरवायचं. हातात पैसे किती, घरी यायची वेळ कोणती, लघवीची तपासणी कधी करायची, हे त्याच्यासमोर, त्याच्या संमतीनं. ते एकदा ठरलं की पळणं त्यातून वगळायचं. दिवसातला तेवढा एक तास आई-बाबांच्या तपासणीबाहेरचा. जमायला जड जातं. मी तो तास भाजी निवडण्यात घालवते, आणि मेथी असेल तर इतकी बारीक निवडते की विचारू नका.

मुलाच्या बाजूनं बघितलं तर तो तास त्याच्यासाठीही सोपा नसतो. पहिल्या दिवशी आमचा मुलगा कोपऱ्यापर्यंत पळाला आणि कुंपणाला धरून उभा राहिला. शाळेत खो-खोच्या संघात होता तो. शेजारून सत्तरीचे एक आजोबा मजेत पुढे निघून गेले. हे त्यानं मला खूप नंतर सांगितलं, तेही भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. आपल्या शरीराचं आपण काय करून ठेवलं, हे व्यसनात असताना कळत नाही. पळायला लागल्यावर पहिल्याच दिवशी कळतं. म्हणून काही मुलं दोन दिवसांत सोडून देतात. आपण म्हणतो आळशी आहे. तो आळस नसतो, लाज असते.

पहाटे अंधारात जाण्याचं कारणही तेच. उजेडात गेलं की कुणीतरी भेटतं. "काय, हल्ली दिसत नव्हतास? बाहेरगावी होतास का?" म्हणून अंधारात जातो म्हणाला तर जाऊ द्या. फक्त रस्त्याच्या कडेनं, दिसतील असे कपडे घालून, आणि उजेड असलेल्या रस्त्यानं.

सुरुवात सलग पळण्यानं करायचीच नाही, हे त्याला कुणी सांगितलं तर बरं. मिनिटभर हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, पुन्हा मिनिटभर. आठवड्यातून तीन दिवस पुष्कळ. बोलता येईल इतक्याच वेगानं. एकदम जोर केला की नडगी दुखते, गुडघा धरतो आणि मग महिनाभर घरी. व्यसनातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला असा रिकामा महिना फार महागात पडतो. दुखलंच तर पोहणं, सायकल, सूर्यनमस्कार, डॉक्टर म्हणतील ते. पण ती वेळ मोकळी राहू देऊ नका.

कुणाबरोबर पळतो, हेही महत्त्वाचं. एकटं पळण्यात डोकं शांत होतं असं तो म्हणतो, आणि ते खरंही असेल. पण व्यसन सुटताना जुने मित्रही सुटतात, ती पोकळी मोठी असते. रविवारी एखाद्या गटाबरोबर गेला तर चार नवी माणसं भेटतात, ज्यांना त्याचा आधीचा इतिहास माहीत नाही. त्या गटाचं पळणं झाल्यावर काय चालतं, एवढं मात्र त्याचं त्यानं बघून ठेवावं. काही गट पोहे-चहावर उठतात, काहींची शर्यतीनंतर बिअरची बैठक असते. टेकडीच्या पायथ्याची चहाची टपरीसुद्धा सिगारेटवाल्यांचीच असते. हे त्याला माहीत असतं, आपण घाबरून पढवायची गरज नाही. "तिथे गेल्यावर काय करशील?" एवढं विचारलं तरी चालतं.

अमेरिकेत कोलोराडोमध्ये स्कॉट स्ट्रोड यांनी २००६ मध्ये 'द फिनिक्स' नावाची संस्था काढली. ते स्वतः व्यसनातून बाहेर आलेले. तिथे पळणं, गिर्यारोहण, सायकल, व्यायामशाळा सगळं फुकट. अट एकच: आधीचे ४८ तास नशा केलेली नसावी. मला ती अट फार आवडते. घसरलेल्याला दोन दिवसांनी दार पुन्हा उघडं. आपल्या घरात घसरलेल्या मुलाला दार उघडं व्हायला कित्येकदा दोन महिने लागतात.

जिमबद्दल एक. मुलगा जिमला जातो म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथे डब्यातून पावडरी येतात, कुणी इंजेक्शनंही सुचवतं. लवकर शरीर कमवायची घाई आणि एका झटक्यात छान वाटायची जुनी सवय, दोन्हींची गट्टी पटकन जमते. काय घेतोस ते डॉक्टरांना दाखवून घे, इतकं स्पष्ट बोलायला हरकत नाही.

पळण्याचंही वेड लागतं. चार्ली एंगल हा अमेरिकन धावपटू १९९२ मध्ये नशेतून बाहेर पडला आणि २००७ मध्ये त्यानं दोन सोबत्यांबरोबर सहारा वाळवंट पळत पार केलं. ही गोष्ट सगळे सांगतात. व्यसन ऐन जोरात होतं तेव्हाही तो मॅरेथॉन पळत होता, हे कुणी सांगत नाही. म्हणजे पदक आणलं म्हणून सगळं ठीक आहे, असं नाही. पाय सुजलेला असताना, ताप असताना, जेवण टाळून मुलगा पळत सुटला तर समुपदेशकांच्या कानावर घाला.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर राहुल जाधव. मुंबईचं गुन्हेगारी जग आणि नशा दोन्हींतून ते बाहेर पडले, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतले आणि लांब पल्ल्याचे धावपटू झाले. पूजा चांगोईवाला यांनी त्यांच्यावर लिहिलेलं 'गँगस्टर ऑन द रन' हे इंग्रजी पुस्तक २०२० मध्ये आलं. अशी गोष्ट हाती लागली की आपण ती लगेच मुलाच्या तोंडावर फेकतो: "बघ, तो कुठून कुठे गेला! तुला तर सगळं मिळालंय." मुलाला त्यातलं दुसरं वाक्यच ऐकू येतं. पुस्तक आणून टेबलावर ठेवा आणि गप्प बसा. वाचलं तर वाचलं.

एखाद्या दिवशी तो जाणार नाही. पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहील. आपल्या डोक्यात लगेच चक्र सुरू: पळणं सुटलं, आता सगळंच सुटणार. त्या दिवशी जिभेवर ताबा ठेवा. कंटाळा सगळ्यांना येतो, आपण नाही का फिरायला जायचं टाळत? सलग बरेच दिवस गेला नाही, जेवणं-बोलणं बदललं, पैशांचा हिशेब लागेना, तर मात्र विचारायचं, सरळ आणि शांतपणे. आणि खरंच घसरला असेल, तरी "पळणं सोडलंस म्हणून झालं" असं म्हणू नका. ते बहुधा खरंही नसतं. अशा वेळी त्याला आधी केंद्राकडे आणि डॉक्टरांकडे न्यायचं. अफूच्या वर्गातली नशा, म्हणजे ब्राउन शुगर वगैरे असेल तर जास्तच जपा. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, आणि पूर्वीच्याच प्रमाणात घेतलं तर जीव जाऊ शकतो.

या सगळ्यात घरातलं दुसरं मूल कोपऱ्यात उभं असतं, हे आपल्या फार उशिरा लक्षात येतं. आमची मोठी शहाणी, समजूतदार, म्हणून तिच्या वाट्याला काहीच आलं नाही. ना रागावणं, ना लाड. एकदा ती म्हणाली, "मी पण पळायला जाऊ का? म्हणजे तुम्ही मला पण विचाराल, कसं वाटतंय." हसतच म्हणाली, पण मला रात्रभर ते टोचलं. अमेरिकेतल्या ॲन महलम यांनी वडिलांच्या व्यसनापायी घर मोडताना पाहिलं आणि त्या दुःखात पळायला सुरुवात केली. २००७ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात बेघरांच्या निवाऱ्यातल्या माणसांबरोबर पहाटे पळायचं सुरू केलं, आणि त्यातून 'बॅक ऑन माय फीट' ही संस्था उभी राहिली. व्यसन एकाला असतं, पण धाप घरातल्या सगळ्यांनाच लागते. तेव्हा मोठ्या लेकीला, धाकट्या भावाला, आजीलाही विचारा. आणि तुम्हीही जरा चालायला लागा. मुलाच्या मागावर नव्हे, आपल्या वेगळ्या रस्त्यानं.

ज्यांच्या घरात अजून हे शिरलेलं नाही, त्यांना आइसलँडचं सांगते. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ मध्ये ५ टक्के. त्यांनी मुलांना भाषणं कमी दिली. संध्याकाळी चालणारे खेळ आणि संगीताचे क्लब वाढवले, राजधानीत फीसाठी पालिकेनं पैसे दिले, आणि पालकांनी आपसांत ठरवून मुलांबरोबर जास्त वेळ घालवायला सुरुवात केली. आता आपण? दहावी आली की सगळ्यात आधी पोराचा खेळ बंद करतो. "परीक्षा झाल्यावर खेळ की." नववीतलं कबड्डीचं मैदान सुटतं आणि त्या मोकळ्या संध्याकाळी क्लासबाहेरच्या पायऱ्यांवर जातात. क्लास ठेवा, पण मैदानही ठेवा. पोरगं खेळाडू नाही झालं तरी चालेल.

राहता राहिले आपण. व्यसन आपण लावलेलं नसतं, ते ताब्यात ठेवणंही आपल्या हातात नसतं, हे मला घरच्यांच्या गटात जाऊन बसल्यावर कळलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीनं मुक्तांगण सुरू केलं. तिथे बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ॲल-ॲनॉनच्या सभा असतात. पहिल्या दिवशी मी रुमाल तोंडाशी धरून नुसती बसून होते, कुणी काही विचारलं नाही. तुम्हीही जा. लोक काय म्हणतील याची भीती तिथे लागत नाही, कारण तिथले सगळे त्याच भीतीतून आलेले असतात.

आणि हे दोन नंबर फ्रीजवर लावून ठेवा. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर, मानसिक आरोग्यासाठी, रात्री-बेरात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. मूल फोन करायला तयार नसेल तर तुम्ही करा. आई-बाबांचेही फोन तिथे घेतात.